लाल मोटारीचं दावं

सुप्याच्या पेठेत कुणी बैल घ्यायला निघालं की आधी झिलूच्या खोपटाकडं जायचं, मग बाजाराकडं. झिलू बाजारात गेला तरी बैलाकडं बघतच नसे. मालकाशी भाताच्या, गव्याच्या, काळी नदीच्या पाण्याच्या गप्पा मारायचा, तंबाखू मळायचा, आणि कान तेवढा बैलाकडं. श्वास कसा घेतोय, रवंथ करताना मधेच थांबतोय का, माशी बसली की कातडं कुठवर थरथरतंय. मग सावकाश उठून खुरावरनं हात फिरवायचा आणि म्हणायचा, "न्या." नाहीतर म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या." त्यानं 'न्या' म्हटलेला बैल पुढं खोडीचा निघाला, असं पेठेत कुणाला आठवत नव्हतं. माणूस तसा कुणबी, नाचणी-भाताचा, कमरेला कोयता आणि अंगावर एक बंडी. पण या एका शब्दामुळं त्याला लोक ओसरीवर बोलावून बसवायचे.

बायको फुला मात्र बोलायची, "बैल पारखता, आनि बायकू करताना डोळं झाकलं व्हतं व्हय?"

"तुला मी कुटं पारखली? तुज्या बापानं मला पारखला. फसला बिचारा."

असा हा झिलू गोपाळशेटच्या छकड्यावर होता. गोपाळशेट हिरड्याचा व्यापारी, मूळचा खानापूरकडचा. सहा दिवस हिरड्याच्या धुळीत बसायचा आणि आयतवार उजाडला की अंगात वारं शिरायचं. छकडा जुंपायचा, झिलूला शेजारी घ्यायचा, आणि चांद्या-पवळ्या या जोडीला जगलबेटच्या रस्त्यावर असा पिटाळायचा की वाटेतले लोक बाजूला होऊन शिव्या घालायचे. काम काही नसायचं. "कानात वारं भरल्याबिगर आठवड्याचा हिरडा डोक्यातनं उतरत न्हाई," म्हणायचा. चांद्या-पवळ्या झिलूनंच वासरं असताना निवडलेले, त्यानंच वाढवलेले. त्याची हाक ऐकली की गोठ्यात माना एकदम वळायच्या.

सत्तावीस सालच्या थंडीत गोपाळशेटला मोटारीचं वेड लागलं. कॅसलरॉकला पिंटोबाब म्हणून लाकडाचा कंत्राटदार होता. तो धंदा आवरून मडगावला निघाला होता आणि त्याच्या दोन वापरलेल्या मोटारी विकायच्या होत्या. त्यातली एक नुसती पळायसाठी जन्मलेली, असं पेठेत बोललं जायचं. गोपाळशेट दोनचार आयतवार तिकडं जाऊन तिच्या चाकावर हात बसवून आला होता.

"झिलू, तू चल पारखायला."

"मी? शेट, तिला शेपूट न्हाई, दात न्हाईत. काय बगू?"

"श्वास हाय न्हवं? धाप हाय, डरकाळी हाय. तू नुसतं ऐक." मग गोपाळशेट जरा थांबला. "आनि एक सांगून ठेवतो. मोटार आली की जोडी ठेवून मी काय करू? नागू कवापासनं मागतोय. पन तू पारखलेली मोटार वाटेत दगा न देता माज्या दारात हुबी ऱ्हायली, तर जोडी तुजी. दगा दिला तर नागू येऊन न्हेईल."

नागू लाकडं ओढायचा. सागाचे, किंदळीचे ओंडके रानातून तिनईघाटच्या स्टेशनाला. माणूस वाईट नव्हता, पण ते कामच तसं. लाकडाला जुंपलेल्या बैलाची मान पहिल्या वर्षी सुजते, दुसऱ्या वर्षी फुटते. असली मानेवरची गळवं झिलूनं कितीदा कापली होती. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. फुलानं विचारलं तर म्हणाला, "पोटात कायतरी हाय." होतं ते पोटात नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं अंबाडीचं नवं दावं वळलं. आपल्याकडं रीत आहे. जनावर विकलं तरी त्याचं दावं द्यायचं नाही. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं, गळ्यात घालायचं आणि जुनं विकणाऱ्याच्या खुंटीला टांगून यायचं. दावं गेलं तर घरचं गोधन गेलं, आणि जनावराचं मनही मागं ओढ खात राहतं. जुन्या दाव्यासकट बैल नेला तर तो व्यवहार नव्हे, लूट. मोटारीला गळा नव्हता हे झिलूला ठाऊक होतं. तरी मोकळ्या हातानं जायला त्याचं मन होईना.

नागूच्याच लाकडांवर बसून दोघं तिनईघाटला आले. नागू वाटभर खुशीत. "झिलबा, तुज्या पोरांना गोठ्यात जागा केलीया हां. गवताची गादी घातलीया."

"घाल. तूच झोप त्येच्यावर," झिलू म्हणाला. पण हसू काही आलं नाही.

तिनईघाटला रात्र काढून सकाळच्या आगगाडीनं कॅसलरॉक. पिंटोबाबच्या अंगणात फणसाखाली दोन्ही मोटारी उभ्या होत्या. एक काळी, चारपाच माणसांची, टपाची, देवळाच्या पुजाऱ्यासारखी गंभीर. दुसरी लाल, बुटकी, दोघांपुरती, मागं होडीसारखी निमुळती. उभी होती तरी पळत असल्यासारखी दिसत होती. गोपाळशेटचे डोळे लालवरनं हलत नव्हते आणि झिलूला हीच भीती होती. डोळ्यानं आधीच घेतलेला बैल पारखायला बसणं म्हणजे पारखणाऱ्याचं मरण.

"गोपाळबाब, हो तुजो दोतोर?" पिंटोबाबनं मिश्या पुसत विचारलं.

"डॉक्टरच समजा. नाडी बगतो."

पिंटोबाबचा गडी वासू यानं लोखंडी हँडल काळीच्या तोंडात घालून गरगर फिरवलं. मोटार खोकून जागी झाली. झिलू तिच्याकडं पाठ करून बसला आणि पिंटोबाबला मडगावच्या नारळाबद्दल विचारू लागला. पिंटोबाब चक्रावून उत्तरं देत राहिला. काळीचा आवाज पहिल्यांदा सरळ होता. मग मधेच दमेकऱ्यानं आवंढा गिळावा तसं काहीतरी व्हायचं, पुन्हा सरळ. झिलू उठला, चाकांवरनं हात फिरवला. पुढचं डावं चाक आतल्या अंगानं झिजलं होतं.

"ही लंगडती, शेट. रंग लावून बसवलीया."

पिंटोबाब खो खो हसला, पण 'न्हय' म्हणाला नाही.

मग लाल. वासूनं हँडल मारलं मात्र, अंगणातली कोंबडी उडाली. झिलू पुन्हा पाठ करून बसला. या वेळी त्याला गप्पा सुचेनात. हिचा श्वास मोकळा होता. तापट होता, अधीर होता, दावं तोडणाऱ्या खोंडासारखा. पण कुठं अडखळत नव्हता. निदान त्याला तरी तसं वाटत होतं. आणि इथंच तो घुटमळला. बैलाचं त्याला कळत होतं, कारण तो बैलांमधे वाढला होता. या लोखंडाच्या पोटात काय आहे ते देव जाणे. 'ऱ्हाऊ द्या' म्हटलं की झालं; मोटार नाही, नागू नाही, पुढच्या आयतवारी छकडा आहेच. शब्द ओठावर आला सुद्धा. पण कानानं ऐकलेलं खोटं ठरवायला त्याची जीभ कधी शिकली नव्हती.

"लाल न्या," तो म्हणाला.

निघायची घाई झाली. गोपाळशेट चाकावर बसला. वासूनं पुढं जाऊन हँडल मारलं, लाल डरकली. वासूनं हँडल उपसलं, झिलूच्या हातात कोंबलं, "धर" म्हणाला आणि पिंटोबाबच्या ट्रंका उचलायला आत पळाला.

झिलू हातातल्या लोखंडाकडं बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात लख्ख पडलं. मोटारीचं दावं ते हेच. धन्यानं हातात धरून ज्यानं तिला उठवायचं, वळवायचं, ते. देणाऱ्यानं मोठेपणानं देऊ केलं म्हणून घेणाऱ्यानं घ्यायचं असतं होय? पिंटोबाब किरिस्ताव, त्याला रीत ठाऊक नसेल; आपल्याला तर आहे! ओसरीच्या खांबाला पूर्वी घोडा बांधायची खुंटी होती. झिलूनं हँडल त्या खुंटीला टांगलं, अंगणातलं एक झेंडूचं फूल तोडून वर ठेवलं, हात जोडले. आणि पुढं येऊन आपलं अंबाडीचं दावं मोटारीच्या पुढच्या लोखंडाला गुंडाळून पक्कं बांधलं. केलं त्याचं त्याला बरं वाटलं. त्या दिवसात त्याला बरं वाटलं ते तेवढंच.

मोटार रानात शिरली. गोपाळशेट गाणं म्हणत होता. वारं कानात भरत होतं, झाडं मागं धावत होती, आणि झिलूनं दोन्ही हातांनी दार आवळून धरलं होतं.

"बग कशी पळतीया! झिलू, लेका, तुजा कान सोन्यात मढवला पायजे." मग सहज म्हणाला, "हँडल सीटखाली टाकलंस न्हवं? नीट ठेव बाबा. त्येच्याबिगर ही बाई म्हंजे दगूड. एकदा निजली की हँडल मारल्याशिवाय उठायची न्हाई."

झिलूची नजर मागं, कॅसलरॉकच्या वाटेकडं गेली.

"व्हय," तो म्हणाला.

आत्ता सांगतो, असं त्यानं ठरवलं. अजून कॅसलरॉक जवळ आहे, मागं वळता येईल. वळण आलं. हे वळण जाऊ दे, मग सांगतो. दुसरं वळण आलं, गोपाळशेटनं खूष होऊन त्याच्या मांडीवर थाप मारली आणि शब्द पुन्हा राहून गेला. तोंड उघडलं की चांद्या-पवळ्या नागूच्या ओंडक्याला. नाही उघडलं तर? मोटार निजलीच नाही तर? सुप्याच्या दारापर्यंत ही जागीच राहिली तर? दारात उभी राहिल्यावर काय व्हायचं ते होवो. वाटेत दगा नको, एवढंच शेट बोलला होता. उद्या पहाटे उठून कॅसलरॉक गाठायचं, हँडल आणायचं. झिलू त्या लोखंडी पोटाला मनातल्या मनात हात जोडत म्हणाला, बाई, तू झोपू नको.

तिनईघाटला रुळावरचं फाटक बंद. आगगाडी यायची होती. गोपाळशेटनं मोटार थांबवली आणि हात बटणाकडं नेला. "बंद करतो. फुकट जळतंय. चल, च्या घिऊ."

"शेट, न्हाई!" झिलू एवढ्या जोरात ओरडला की फाटकवाला दचकला.

"काय झालं?"

"नवं जनावर... दारात न्हेईपतोर बसवायचं नसतंय. बसलं तर त्येचा जीव तितंच ऱ्हातो."

"हे आनि कुटलं शास्त्र?"

"माज्या आज्ज्याचं."

"तुज्या आज्ज्यानं मोटार आनली व्हती?"

"रेडा आनला व्हता. वाटंत बसला. मग आज्जा तितंच घर बांदून ऱ्हायला."

गोपाळशेट हसून हसून लाल झाला, पण हात मागं घेतला. जनावराच्या बाबतीत झिलूचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. तोच शब्द आज खोटा निघाला, हे झिलूला आत काट्यासारखं टोचलं. आगगाडी धडधडत गेली. तिच्या आवाजात मोटारीचा आवाज ऐकू येईना, तेव्हा झिलूनं तळहात तिच्या अंगावर ठेवला. थरथर होती. जिवंत होती.

पुढं घाटातल्या देवाचा दगड लागला. त्या दगडाला पाला घातल्याशिवाय झिलू जन्मात पुढं गेला नव्हता. तो उतरला, धावत डहाळी तोडली, दगडावर घातली. मागं मोटार एकदा अडखळली. फट् फट् झालं आणि आवाज बुडाला. झिलू मागं धावला. मग गोपाळशेटनं पाय दाबला आणि ती पुन्हा गुरगुरली. झिलू परत येऊन बसला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग बघून गोपाळशेट म्हणाला, "अरं, बाधलं का वारं? तुला छकड्याचीच सवय."

जगलबेट मागं पडलं. ऊन कलायला लागलं होतं. आता सुपा फार लांब नव्हतं. झिलूच्या मनात पहिल्यांदाच आलं की जमतंय. त्यानं चांद्या-पवळ्याला आपल्या खोपटापुढच्या आंब्याखाली बांधलेलं डोळ्यांपुढं आणलं. फुला काय म्हणेल तेही आणलं. एवढ्यात चढाचं एक आवळ वळण आलं आणि वळणापलीकडं, रस्त्याच्या बरोबर मधोमध, नागूची गाडी.

जाड किंदळीचा ओंडका, त्याला साखळी, पुढं दोन तरणे बैल, मागं नागूचा साथीदार. रस्त्याच्या एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. बैलांनी असलं लाल, डरकणारं कधी बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे पांढरे झाले. गोपाळशेटनं मोटार थांबवली, पण ती थांबूनही गुरगुरत होती आणि तो आवाज कातळावर आपटून दुप्पट होऊन बैलांच्या अंगावर जात होता. बैल मागं रेटायला लागले. गाडीचं चाक दरीकडं सरकलं. ओंडक्याचं बूड रस्त्याबाहेर लोंबकळायला लागलं.

"आरं बंद कर ती अवदसा!" नागू वेसणींना लोंबकळत ओरडत होता. "बंद कर! मेलो की मी!"

गोपाळशेटनं झिलूकडं बघितलं. बसवायचं नाही म्हणाला होता ना, जनावराचा जीव तिथंच राहतो म्हणाला होता. त्याचा हात बटणाजवळ जाऊन थांबला, झिलूच्या शब्दासाठी.

झिलूला नागूचे बैल दिसत होते. डावीकडच्याचा मागचा खूर दरीच्या काठावरची माती खरवडत होता. त्या क्षणी त्याला चांद्याही आठवला नाही, पवळ्याही नाही.

"बंद करा, शेट," तो म्हणाला.

मोटार निजली. रानात एकदम एवढी शांतता झाली की लांबची वानरं ऐकू आली. झिलू उडी मारून धावला, डावीकडच्या बैलाच्या कानाशी तोंड नेऊन हळूहळू बोलायला लागला. बैलाचं अंग थरथरत थरथरत निवलं. पाऊलभर पुढं आला, मग अजून एक. चाक रस्त्यावर आलं. नागू तिथंच मातीत बसला आणि कपाळावरचा घाम हातानं निपटून टाकत म्हणाला, "शेट, मोटार घेतली का वाघ?"

गोपाळशेट उतरून मोटारीच्या तोंडाशी गेला. तो म्हणाला, "झिलू, हँडल दे."

झिलू बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. "न्हाई, शेट."

"न्हाई म्हंजे?"

"दावं म्हनून टांगून आलो. पिंटोबाबच्या खुंटीला." आणि मग सगळं सांगून टाकलं. खुंटी, झेंडूचं फूल, हात जोडले तेसुद्धा.

नागू आधी हसायला लागला. मग गोपाळशेटचं तोंड बघून त्यानं हसणं गिळलं. गोपाळशेटनं मागं वळून बघितलं. उतारावर ढकलली की चालू होते असं पिंटोबाब म्हणाला होता, पण उतार होता तो मागं, दरीच्या वळणावर. तिथं ढकलायचं मनात आणायचाही कुणाला धीर नव्हता. शेवटी नागूनं ओंडका कातळाच्या कडेला उतरवला, साथीदाराला तिथं बसवलं आणि बैल मोटारीपुढं आणले. साखळी ओंडक्याला अडवून धरायला लागली होती, तेव्हा ओढायला दोर हवा होता. तो मोटारीला आधीच बांधलेला होता, अंबाडीचा, नवा.

अशी ती पळायसाठी जन्मलेली मोटार बैलांच्या चालीनं सुप्याकडं निघाली. गोपाळशेट चाक धरून बसलेला, झिलू बाजूनं पायी. आत बसायची त्याची छाती झाली नाही. 

"तुला कवा कळलं?" गोपाळशेटनं समोर बघतच विचारलं.

"रानात शिरताना. तुमी हँडलचं बोललासा तवा."

"म्हंजे फाटकाजवळ आज्ज्याचा रेडा..."

"आज्ज्यानं रेडा कदी आनलाच न्हाई, शेट."

गोपाळशेटनं चाक जरा वळवून खड्डा टाळला.

"आनि मगाशी बंद करा म्हनालास, तवा ठाऊक होतं तुला, ही उठायची न्हाई."

"व्हय."

"जोडी जाणार, तेबी."

झिलूनं चालता चालता दाव्याची गाठ चाचपली. नागू पुढं होता, त्याला ऐकू गेलं असावं, कारण त्यानं बैलांना उगीचच हाळी दिली.

दिवेलागणीला पेठेत शिरले. लोक दारात आले, पोरं मागं लागली, आणि कोण काय बोललं ते इथं न सांगितलेलं बरं. एक ऐकलं, "शेट, वैरण काय घालायची हिला?" झिलू मान खाली घालून चालला. उद्यापासून 'न्या' म्हणायचं तोंड राहिलं नव्हतं. गोठ्याच्या बाजूनं चांद्या त्याची चाहूल घेऊन हंबरला, आणि त्याला वाटलं पुढं पाऊल टाकूच नये.

गोपाळशेटची बायको शकुंतला ओवाळणीचं ताट घेऊन पायरीवर उभी होती. तिनं मोटारीकडं बघितलं, बैलांकडं बघितलं, आणि भाकरतुकडा आधी नागूच्या बैलांवरनं ओवाळून टाकला.

"ज्येंनी आनली, तेंचा मान आधी," ती म्हणाली. "झिलूअण्णा, तुमी असं काय हुबं? ताप आलाय काय?"

"न्हाई, वैनी."

नागूनं दावं सोडून झिलूच्या हातात दिलं. जरा घुटमळला. मग म्हणाला, "शेट, तुमच्या जोडीचं... मला न्हाई जमायचं. माजा गोठा भरलाय." आणि बैल घेऊन, मागं न बघता, अंधारात गेला. काल गवताची गादी घातलीया म्हणून सांगितलेला तोच गोठा.

गोपाळशेट अंगणात उभा होता. अंगावर धूळ, कानात आज वारं कमी आणि पेठेचं हसणं जास्त. झिलू म्हणाला, "शेट, पहाटे जातो. हँडल आनतो. वासू तितं हाय."

"जा." आणि तो गोठ्याकडं वळला.

झिलू तिथंच थांबला. गोठ्यात काहीतरी खुडबुड झाली. गोपाळशेट बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन जुनी दावी होती, मळकट, बैलांच्या मानेच्या घामानं काळी झालेली. त्यानं ती ओसरीच्या खुंटीला टांगली. जरा विचार केला, शकुंतलेच्या ताटातलं एक फूल उचललं आणि दाव्यांवर खोचलं.

"मोकळी हायत दोगं," तो म्हणाला. "दार लोटलंय नुसतं. पळून जायच्या आत बांद."

झिलूच्या हातात नवं दावं एकच होतं. त्यानं कमरेचा कोयता काढला आणि दाव्याचे दोन तुकडे करायला दगड शोधू लागला. पण डोळे गोठ्याच्या दाराकडं होते, पहिला घाव दगडावरच बसला.